बाकाची उंची

चौतीस वर्षं मी इथे वस्तूंना किंमत लावली.
सिमेंट घनमीटरमध्ये, काच चौरस मीटरमध्ये,
माणूस तासांमध्ये.
रात्री मालकाचा फोन आला
की अंदाजपत्रकावर लाल पेन फिरवायचं:
जिन्याचा दुसरा कठडा, काट.
आवारातले बाक, नग सहा, काट.
कुणाचं काही अडलं नाही.
तेव्हा गुडघे माझे होते,
मी त्यांचा नव्हतो.

आता शारजात, अबू शगाऱ्याला, मुलाकडे राहतो.
त्याच्या व्हिसाला माझा व्हिसा टाचलेला.
ऊन इमारतींमागे गेलं की बागेत चार फेऱ्या.
हल्ली अडीच.

मागच्या हिवाळ्यात नगरपालिकेची मुलगी आली,
मैथा, हातात टॅब,
आणि विचारलं, तुम्हाला इथे काय हवंय?
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.
इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
मीही कुणाला नाही.

उम्म खल्फान म्हणाल्या, फाटकातला उंबरठा काढा,
खुर्चीचं चाक अडतं आणि मी पार्सलसारखी उचलली जाते.
अम्मिणी टीचर म्हणाल्या, सिग्नलवरचा हिरवा माणूस
फार घाईत असतो,
त्याला आठ सेकंद थांबायला सांगा.
गुल जमीर, रात्रपाळीचा वॉचमन, पासष्टी ओलांडलेला,
म्हणाला, मला कशाला विचारता बेटी,
मी इथला रहिवासी नाही,
फक्त बावीस वर्षं इथे आहे.
मैथाने तेही लिहून घेतलं.

मी म्हणालो, बाक.
टेकायला पाठ हवी. दोन्ही बाजूंना हात हवेत,
लाकडाचे, लोखंडाचे जुलैत पोळतात.
उंची अठरा इंच. चौदा नको.
चौदावर बसता येतं,
उठता येत नाही.

रात्री जेवताना मुलाने विचारलं, तो बँकेत आहे,
पण बाबा, यात त्यांना परतावा काय?
मी आमटी भुरकत बसलो.
आपल्या भाषेत गुंतवणूक म्हटली की गुंतणं आलं,
परतावा म्हटला की परतणं.
दुसऱ्याच्या आशेवर
मी आयुष्यभर पहिलंच करत राहिलो.

मार्चमध्ये बाक आले. नग सहा.
(मोजले. खोड जात नाही.)
उंबरठा गेला, तिथे उतार झाला.
सिग्नल तसाच आहे, त्याचं खातं वेगळं.
अम्मिणी टीचर अजून दुभाजकावर अडकतात,
भाजीची पिशवी पोटाशी धरून,
दोन्हीकडून गाड्या.

बाकाखाली पत्र्याची पट्टी आहे.
वाकायला वेळ लागला, पण वाचली:
हमी दहा वर्षं.
माझा व्हिसा एका वर्षाचा.

उम्म खल्फान थर्मासमधून गहवा आणतात,
मी कधी शंकरपाळे.
बोलणं मोडकंतोडकं, बहुतेक दुखण्यांचं.
रुकबा, मुट्टु, झंगून:
मला आता गुडघा
चार भाषांत म्हणता येतो.
त्या तिघांनाही. फक्त त्यांच्या तोंडी
आपला ढ अजून लंगडतो.

गुल जमीर मात्र बसत नसे.
बाकाशेजारी उभा राहून बोलायचा,
जणू तिकीट दुसऱ्याच्या नावावर आहे.
काल मी नुसता सरकलो. काही म्हणालो नाही.
त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली,
आणि बसला.
मगरिबची अजान झाली, दिवे लागले,
झोक्यावरच्या पोरांना आयांनी हाका मारल्या.

ड्युटीची वेळ झाली तेव्हा
दोन्ही पंजे बाकाच्या हातांवर रोवून
तो उठला.
एका दमात. कुणाकडे न बघता.

एका बाकामागे त्या रात्री मी
चारशे दहा दिरहम वाचवले होते.
आकडा अजून पाठ आहे.